पैठण रस्त्यावरचा ओ

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर जुन्या ब्रशांना ऊन दाखवत बसलो होतो. "तुम्ही इतकी वर्षं पाट्या रंगवल्या, त्यावर लिहून द्या," असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "बाई, जन्मभर लिहीतच आलोय, पण मॅटर लोकांचं असायचं. स्वतःचं काय लिहायचं ते कुणी कागदावर काढून देणार असेल तर सांगा." त्या हसल्या आणि कधीपर्यंत देता एवढंच विचारून त्यांनी फोन ठेवला. म्हणजे लिहिणं आलंच.

मी दत्ता पेंटर. आडनाव आहे, पण ते रेशनकार्डावर. गाव फुलंब्रीजवळ. दहावीला इंग्रजीत पास झालो ते कुणाच्या पुण्याईनं, हे मला अजून कळलेलं नाही. पुढं शिकण्यात राम नाही असं सगळ्यांनीच ठरवल्यावर मी शहरात आलो, तेव्हाच्या औरंगाबादेत, आणि रऊफ उस्तादांच्या हाताखाली ब्रश धरला. आपल्या शहरात पाटीवाल्याला तीन लिप्या याव्याच लागत. मराठी, उर्दू आणि इंग्रजी. उस्ताद मराठी आणि उर्दू लिहायचे. इंग्रजी मात्र ते काढायचे, जसं मोर काढावा किंवा कमळ काढावं तसं. मीही तसाच शिकलो. अक्षर इतकं देखणं यायचं की ते चुकीच्या शब्दातलं आहे हे कुणाच्या लक्षातही येत नसे.

माझ्या आयुष्यात मी सगळ्यात जास्त वेळा लिहिलेला इंग्रजी शब्द म्हणजे रेस्टॉरंट. पहिली आठ वर्षं तो मी चुकीचा लिहिला. आर, ई, एस, टी, ओ, आर, ई, एन, टी. नऊ अक्षरं. ऐकायला कसं बरोबर वाटतं! बोलतो तसं लिहिलं तर हेच येणार. तेव्हा रस्त्याला चहाची टपरी टाकणाऱ्यालाही वर मराठीत 'हॉटेल' आणि खाली इंग्रजीत हा शब्द लागायचाच. त्याशिवाय धंदा सुरू झाल्यासारखं वाटत नसे. शहरातून पैठणकडं निघालात तर चितेगावपर्यंत हा शब्द पाच-सहा तऱ्हांनी लिहिलेला दिसायचा. त्यातल्या निम्म्या तऱ्हा माझ्या हातच्या, हे मी आज मोकळ्या मनानं कबूल करतो.

गिऱ्हाइकांचाही हातभार होताच. चितेगावच्या एका मालकाला मी नंतर, म्हणजे मला बरोबर स्पेलिंग कळल्यावर, सांगितलं की तुमच्या कागदावरचं चुकलंय. तो म्हणाला, "पेंटर, बाजूच्याच्या पाटीवर जे हाय तेच काढा. न्हायतर लोक म्हंतील ह्याचं कायतरी दुसरंच हाय." दुसरा एक जण ज्योतिषाला विचारून आला होता. त्याला नऊ अक्षरं शुभ होती. शब्द कोणताही चालेल, पण अक्षरं नऊच हवीत. त्याला चुकीचा शब्द लिहून देताना मला फार मानसिक त्रास झाला असं नाही, कारण तो हात जोडून उभा होता आणि त्याचं हॉटेल पुढं चाललंही.

पाटी कशी रंगवतात हे आता सांगावं लागतं, कारण फ्लेक्स आल्यापासून जन्मलेल्या मुलांनी पाटी रंगवताना पाहिलेलीच नाही. आधी गिऱ्हाइकानं मॅटर द्यायचं, कागदावर. मग भिंतीला किंवा पत्र्याला पांढरा हात. तो वाळला की दोरीला चुना किंवा नीळ लावायची, दोन टोकं ताणून धरायची आणि मधे चिमटीत उचलून सोडायची. फट्ट आवाज होतो आणि सरळ रेघ उमटते. मग अक्षरं मोजायची. मराठीत वरची रेघ सगळ्यांना धरून ठेवते, थोडं इकडंतिकडं झालं तरी निभावतं. इंग्रजी अक्षरं एकेकटी उभी असतात, त्यांचं अंतर बिघडलं की पाटी बोबडी दिसते. म्हणून उस्तादांचा नियम होता की मोजून मधलं अक्षर काढायचं आणि रंगवायला तिथूनच सुरुवात करायची. एक डावीकडं, एक उजवीकडं, असं बाहेर जायचं. म्हणजे चुकलं तरी दोन्हीकडं सारखं चुकतं.

उस्तादांचा दुसरा एक नियम होता आणि तो सगळ्या शहरातले पेंटर पाळायचे. अर्ध्या राहिलेल्या पाटीला दुसऱ्यानं ब्रश लावायचा नाही. ज्यानं दोरी मारली त्याची ती भिंत. त्यानं स्वतः येऊन 'तू पुरी कर' म्हटलं तरच पुढं व्हायचं. या नियमानं माझं आयुष्य वाचवलं, पण ते कळायला मला फार वर्षं लागली.

युनूसभाईंचं हॉटेल पैठण रस्त्यावर, बिडकीनच्या अलीकडं. नान-खलिया त्यांची खासियत. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, खलिया म्हणजे मटणाचा झणझणीत रस्सा आणि सोबत तंदुरातली मोठी, गोल, पिवळीधमक नान. तो पिवळा रंग आपोआप येत नाही. हळद आणि गुळाचं पाणी करून नानेवर ब्रशनं हात मारतात. युनूसभाई तेव्हा पन्नाशीचे असतील. अंगानं भरलेले, खांद्यावर सदा एक टॉवेल, बोलणं आपलं दखनी. त्यांनी नवं बांधकाम केलं होतं आणि शटरच्या वर लांबलचक भिंत माझ्या स्वाधीन केली. वर मराठी, मधे उर्दू आणि खाली इंग्रजीत तो शब्द.

दोन ओळी झाल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी इंग्रजीची ओळ घेतली. चुन्यानं पुसट नऊ अक्षरं आखली, मोजली, मधलं आलं ओ. लाल रंगात ओ काढला, आतून बारीक काळी रेघ फिरवली. छान जमला होता. आता आमच्या धंद्यात एक सवय हाडीमाशी खिळलेली असते. अक्षर काढलं की दोन पावलं मागं जायचं, मान वाकडी करायची आणि बघायचं. जवळून अक्षर कळत नाही. जमिनीवर उभं राहून काम करताना ही सवय सोन्यासारखी. मी शिडीवर होतो, चांगला बारा फूट वर. ओ काढला आणि बघायला दोन पावलं मागं गेलो.

उजवा हात अंगाखाली आला. मनगट मोडलं, तळव्याकडची दोन बारीक हाडंही गेली. युनूसभाईंनीच टेम्पोत घालून शहरात आणलं. प्लॅस्टर झालं, दीड महिन्यानं ते निघालं, हाड जुळलं असं डॉक्टर म्हणाले. पण बोटं माझी राहिली नव्हती. मूठ वळेना. चहाचा कप उचलायचा तर दोन हात लागत. ब्रश धरायला गेलो तर तो बोटांतून घसरून खाली पडला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला सांगितला होता. मी तो दोन दिवस दाबला आणि कपाटावर टाकून दिला. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. मला दुसरं काहीच येत नव्हतं. बायको, शालन, शिवणकाम करून घर रेटत होती आणि मी भिंतीकडं तोंड करून पडून राहायचो.

पडल्याच्या चौथ्या दिवसापासून एक किटली यायला लागली. युनूसभाई पैठणहून येणाऱ्या बसच्या कंडक्टरजवळ पायाचा शोरबा, म्हणजे बकऱ्याचे पाय उकळून केलेला रस्सा, द्यायचे आणि शालननं तो स्टँडवरून आणायचा, एक दिवसाआड. शालनच्या माहेरी मटण शिजत नाही. पहिल्या दिवशी ती किटली कपड्यात गुंडाळून, अंगापासून लांब धरून घेऊन आली.

"मी नको म्हनले," ती म्हणाली, "तर कंडक्टर म्हनतो, ताई, रिकामी किटली वापस द्या, परवा भरून यील. आता काय करावं मान्सानं?"

"ठेव तिकडं," मी म्हटलं.

"ठेवू कशी? गरम हाय तवर प्या. लई लांबून आलंय ते."

महिनाभरानं ती किटली नुसत्या हातात घेऊन यायला लागली. एकदा बस चुकली तेव्हा ती दुसऱ्या बसची वाट बघत दोन तास स्टँडवर थांबली होती.

तीन महिने झाले, चार झाले. तेवढ्यात कानावर यायला लागलं की भिंतीवर माझा ओ तसाच आहे. चुन्याची अक्षरं वाऱ्यापावसात पुसून गेली आणि वर मराठी, मधे उर्दू आणि खाली एवढ्या लांब रिकाम्या पट्टीत एकटा लाल ओ. लोक त्याला 'गोलवाली हॉटेल' म्हणायला लागले. बसमध्ये माणसं 'गोलपाशी उतरायचंय' असं सांगून तिकीट काढायची. एक ओळखीचा पेंटर घरी आला आणि म्हणाला, "मी युनूसभाईला विचारलं, पुरं करू का म्हणून. तर म्हातारा मलाच म्हणतो, आधी दत्ताला विचारून ये." माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला वाटलं, हा माणूस माझा तमाशा मांडून बसलाय. शोरबा पाजतो आणि वर माझं अर्धं काम रस्त्यावर टांगून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसलो आणि गोलपाशी उतरलो. भिंतीकडं बघितलं नाही. युनूसभाई तंदुरापाशी होते.

"युनूसभाई," मी म्हटलं, "दुसऱ्याला द्या ते काम. माझी परवानगी आहे."

"कायकू?"

"कायकू म्हणजे? हात गेलाय माझा. माझ्या लुळ्या हाताची जाहिरात करताय का तुम्ही?"

हॉटेलात चार-पाच माणसं जेवत होती. सगळ्यांचे घास थांबले. अजून ते वाक्य आठवलं की मला स्वतःची लाज वाटते. युनूसभाईंनी टॉवेलनं तोंड पुसलं, आत गेले आणि भली मोठी परात आणून माझ्यापुढं ठेवली. नानेचं पीठ होतं, नुसतं कालवलेलं.

"दीवार किधर नइं जाती," ते म्हणाले. "तू बैठ. आटा मल."

"मला जमत नाही."

"नइं जमता तो नक्को जमू दे. मेरेकू घाई नइं. बैठ."

मी रागातच बसलो आणि रागातच हात घातला. पीठ कोमट होतं. बोटं आत गेली आणि बाहेर यायला तयार होईनात. दुखून डोळ्यांत पाणी आलं. पण चेंडू आणि पीठ यात फरक असतो. चेंडू नाही दाबला तर कुणाचं काही अडत नाही. पीठ नाही मळलं तर तंदूर पेटून बसलेला असतो आणि माणसं ताटाकडं बघत असतात. मी अर्धा तास कसंबसं मळलं. ते इतकं वाईट मळलं गेलं होतं की युनूसभाईंनी ते नंतर गुपचूप पुन्हा मळून घेतलं. पण मला म्हणाले, "कल अकरा बजे आ."

मी गेलो. परवाही गेलो. मग जातच राहिलो. रोज अकराच्या सुमाराला परात, दुपारी त्यांच्यासोबत जेवण आणि चारच्या बसनं घरी. महिन्याभरात मूठ अर्धी वळायला लागली. दीड महिन्यानं मी पीठ उचलून आपटायला लागलो. मग एके दिवशी त्यांनी परात बाजूला सरकवली, हळद-गुळाच्या पाण्याचं भांडं पुढं केलं आणि हातात ब्रश दिला. जाड, आखूड, नानेला रंग मारायचा ब्रश.

"नान पे चुक्या तो कोई नइं देखता," ते म्हणाले. "खाके मोकळे होते लोगां."

पहिल्या दिवशी तीसेक नान रंगवल्या. हात थरथरत होता, कडेनं पिवळे ओघळ गेले. पण ब्रश खाली पडला नाही. त्या दिवशी घरी आलो तेव्हा शालन मशीनवर होती. मी काही न बोलता तिच्यासमोर मूठ वळली आणि उघडली. तिनं मशीन थांबवलं आणि पदर तोंडाला लावून रडली. चांगलं हसता-हसता रडली.

सातव्या महिन्यात मी ब्रश, दोरी आणि रंगवताना मनगट टेकवायची काठी घेऊन बिडकीनच्या बसमध्ये बसलो. युनूसभाईंनी शिडी स्वतः धरली. मी वर चढलो, रिकाम्या पट्टीवर पुन्हा दोरी मारली आणि ओच्या दोन्ही बाजूंना चुन्यानं चार-चार अक्षरं आखायला लागलो. हॉटेलसमोरच बसचा थांबा होता. बिडकीनच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या गायकवाड मॅडम तिथं रोज शहराकडच्या बसची वाट बघायच्या. त्या दिवशी त्या जणू टपूनच होत्या. खालून आवाज आला, "दादा, जरा थांबता का? स्पेलिंग वेगळं आहे."

मी खाली उतरलो. त्यांनी पर्समधून पेन काढून कागदावर लिहून दिलं. आर, ई, एस, टी, ए, यू, आर, ए, एन, टी. दहा अक्षरं. मी दोनदा वाचलं. त्यात ओ कुठंच नव्हता.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. सात महिने ज्या ओसाठी पट्टी रिकामी ठेवली, ज्याच्या नावानं बस थांबत होती, तो ओच खोटा निघाला होता. मी युनूसभाईंकडं बघितलं. त्यांनी कागद हातात घेतला, भिंतीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि हसायला लागले. इतके हसले की टॉवेलनं डोळे पुसावे लागले. मला तेव्हा वाटलंही की हे जरा जास्तच हसतायत.

"मिटवतो," मी म्हटलं. "पांढरा हात मारतो आणि सगळं नव्यानं काढतो."

"ए, उसकू हाथ नक्को लगा," ते एकदम म्हणाले. "वो मेरा गोल है. बाजूकू जो करना सो कर."

मी खाली बसून विचार केला. दहा अक्षरांच्या शब्दाला मधलं अक्षर नसतं. पाच इकडं, पाच तिकडं, मधे नुसती फट. आणि ओ तर बरोबर त्या फटीत उभा होता. मी वर चढलो आणि पहिल्यांदा त्या ओच्या पोटात पिवळा रंग भरला, वर बारीक तीळ काढले, कडेला तंदुराचे काळे डाग दिले. नान झाली. मग डावीकडं पाच अक्षरं, उजवीकडं पाच. मॅडमची एक बस गेली, दुसरीही गेली, तरी त्या शेवटचा टी होईपर्यंत उभ्या होत्या.

पुढच्या आठवड्यात मॅडम मोठ्या डिक्शनरीतून एक पान उतरवून घेऊन आल्या. त्यांनी जे सांगितलं ते मी जन्मभर विसरलेलो नाही. हा शब्द फ्रान्समधला. आणि तिकडं तो आधी जागेचं नाव नव्हताच. ते एका पेयाचं नाव होतं, हाडं-मांस उकळून केलेल्या रश्श्याचं. आजारी, थकलेल्या, खंगलेल्या माणसाला देत ते. शब्दाचा अर्थच असा की गेलेली ताकद परत आणून देणारं. मग ते पेय जिथं मिळायचं त्या दुकानाला लोक त्याच नावानं ओळखायला लागले. ती ए आणि यूची जोडी मूळ शब्दातून आलेली, म्हणून ती काढून चालत नाही. "पण तुमचा ओ अगदीच परका नाही बरं का," मॅडम म्हणाल्या. "रिस्टोअर म्हणजे पूर्ववत करणं. तो याच घरातला शब्द, आणि इंग्रजीत येण्याआधीच, जुन्या फ्रेंचमध्ये, त्यात ओ शिरला."

मी ऐकत होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर ती किटली होती.

हे मी युनूसभाईंना सांगायला हवं होतं. सांगायचं ठरवलंही होतं. पण आम्हा दोघांची बोलायची एक तऱ्हा पडून गेली होती, थट्टेची. भेटलो की ते म्हणायचे, "क्या पेंटर, पीछे देखके चलता ना?" मी म्हणायचो, "तुमची नान जाड झालीय." त्यात ही गोष्ट कुठं घालायची ते कळेना. आज सांगू, उद्या सांगू असं करत वर्षं गेली आणि युनूसभाई एका सकाळी झोपेतच गेले. मातीला मी होतो. तिथंही मनात तेच होतं की सांगायचं राहिलं.

दरम्यान फ्लेक्स आलं. सकाळी मॅटर द्या, दुपारी पाटी न्या. आमच्यातले बरेच जण रिक्षा चालवायला लागले, काही घरं रंगवायला लागले. मी एका फ्लेक्सवाल्याकडं बसायला लागलो. छापायला जाण्याआधी मॅटर वाचायचं, एवढंच काम. टेबलावर माझी स्वतःची डिक्शनरी असे. गिऱ्हाईक म्हणायचं, "काका, कोण बघतं?" मी म्हणायचो, "बसच्या थांब्यावर उभं राहणारं कुणीतरी बघतं." तिथून रेस्टॉरंटची एकही पाटी चुकीची बाहेर गेली नाही, एवढं मी छाती फुगवून सांगू शकतो. मशीनबद्दल माझी तक्रार नाही. फक्त मशीनला दोन पावलं मागं जाऊन बघता येत नाही, याचं थोडं वाईट वाटतं.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर नसरीनचा फोन आला. नसरीन ही युनूसभाईंची सून. माझा हात मोडला तेव्हा ती नुकती लग्न होऊन त्या घरात आली होती आणि मागच्या स्वयंपाकघरात असायची. आता हॉटेल तीच चालवते.

"पेंटरभाई, रोड बडा होरा," ती म्हणाली. "सामने की दीवार जारी."

मी गेलो तेव्हा भिंत निम्मी गेली होती. उर्दूची ओळ अर्धी होती, इंग्रजी पट्टीत डावीकडची पाच अक्षरं आणि अर्धी नान उरली होती. मी तिथं फार वेळ थांबलो नाही. नवी भिंत पंधरा फूट मागं उभी राहिली होती, कोरी, पांढरी.

"फ्लेक्स करून देऊ?" मी विचारलं. "चांगला मोठा करू. माझा हात आता थरथरतो गं."

"नक्को," ती म्हणाली. "आप काढो. थरथरता तो थरथरू दो."

मी दोरीला नीळ लावली. ती चोळता-चोळता, इतक्या वर्षांनी, मी ती गोष्ट तिला सांगून टाकली. फ्रान्सचा तो रस्सा, खंगलेली माणसं, त्या शब्दाचा अर्थ. आणि म्हटलं, "हे मी अब्बांना सांगायला हवं होतं. त्यांनीच मला उभं केलं आणि मी त्यांना एवढंसुद्धा सांगितलं नाही. आणि त्या माणसानं माझा चुकीचा ओ सात महिने जपला. बिचाऱ्यांना माहीत नव्हतं."

नसरीन म्हणाली, "मालूम था."

"काय?"

"अब्बा कू मालूम था. आप गिरे, उसके दुसरेच दिन मॅडम आके बोले थे. चुने के अक्षरां तब दिखते थे ना. मॅडम बोले, चाचा, ये गलत है, इसमें ओ आताच नइं, मिटवा दो. मैं अंदर बर्तन धोरी थी, सुनी सब."

"मग?"

"अब्बा बोले, मॅडम, मेहरबानी करो, उसकू मत बोलो. मिटा दिए तो वो किसके वास्ते वापस आएगा? उसका हाथ आने दो, फिर आपच बोलना."

मी दोरी खाली ठेवली. म्हणजे ते एवढं हसले ते म्हणून. म्हणजे मॅडम त्या दिवशी टपूनच होत्या, सात महिने होत्या. सगळ्या रस्त्याला दिसणारी माझी चूक त्या दोघांनी मिळून माझ्यासाठी राखून ठेवली होती आणि मी त्यांना जाहिरात करताय का म्हणून विचारलं होतं. मला रडू आलं. या वयात भर रस्त्यावर रडायला संकोच वाटतो, पण नसरीननं आत जाऊन शोरब्याचा वाडगा आणला आणि माझ्यापुढं ठेवला, आणि मी रडत-रडतच तो प्यालो. शालनसाठी किटली भरून ठेवलीय, असंही तिनं सांगितलं.

मग आम्ही शिडी लावली. मी एकेक पायरी सावकाश चढलो. पट्टीचा मध्य काढला आणि उस्तादांच्या नियमाप्रमाणं तिथूनच सुरुवात केली. आधी गोल. त्यात पिवळा रंग. हात थरथरत होता, कड जराशी वाकडी गेली, पण तंदुरातली नानसुद्धा कंपासनं काढल्यासारखी नसते. तीळ टाकले, काळे डाग दिले. काठी बाजूला घेतली आणि सवयीनं मान वाकडी केली.

खालून शिडी घट्ट धरून नसरीन ओरडली, "पेंटरभाई, पीछू मत सरको!"